बाजूच्या सीटवरचा ब्रेक

चोवीस वर्षांत मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. दातांचे डॉक्टर, शाळेच्या मोठ्या बाई, टॅक्सी स्टँडवरचे निम्मे ड्रायव्हर, आणि एकाच महिन्यात तीनदा त्याच एका भिंतीवर जाऊन आदळलेले पोस्टमास्तर, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. मास्तर बाजारात निघाले की येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून ओळख द्यायच्या. आणि अशा या मास्तरांना हायवेवर गाडी चालवता येत नव्हती. हसू नका, पुढे ऐका.

त्यांची शिकवायची गाडी छोटी, पांढरी, आणि तिला ब्रेक-क्लच दोन जागी. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी बाजूच्या सीटवर मास्तरांच्या पायाशी. दोन्ही आतून जोडलेल्या. एकाने दाबला की दुसऱ्याचाही खाली जाणार. शिकणारा भांबावला की मास्तर गुपचूप आपला ब्रेक दाबायचे आणि वर त्यालाच दरडावायचे, "ब्रेक का मारलात?" त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपणच मारला असेल. हा त्यांचा जुना खाक्या. त्याने माणूस घाबरत नाही, आपला पाय वेळेवर पडला म्हणून उलट खूश होतो, असं त्यांचं म्हणणं.

शिकवणी आधी मैदानात, मग गल्ल्यांत, शेवटी बाजाराच्या चढावर. चढावर गाडी मागे न घसरता उचलली की मास्तर म्हणायचे, "झालात ड्रायव्हर!" हायवेचं कुणी नाव काढलं तर हात झटकायचे. "हायवेला काय शिकायचंय? सरळ तर जायचं असतं."

सरळ तर जायचं असतं! बोलायला काय जातंय? ड्रायव्हिंग स्कूल काढल्याच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी ते एकटेच हायवेवर गेले होते. चौथ्या किलोमीटरला एक टँकर शेजारून असा गेला की अख्खी गाडी हलली, आणि मास्तरांच्या हातातलं बळच गेलं. गाडी कडेला घेऊन दोन तास तिथेच बसून राहिले. शेवटी समोरच्या पेट्रोल पंपावरून गॅरेजवाल्याला फोन केला, इंजिन तापलंय म्हणून. गॅरेजवाल्याने बॉनेटवर हात ठेवला. गार. त्याने मास्तरांना बाजूला बसवून गाडी परत आणली. त्या दिवसापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. कुठे जायचं झालं की बस. कुणी विचारलंच तर उत्तर तयार: "आठवडाभर गाडीतच बसतो हो, सुट्टीच्या दिवशी तरी दुसऱ्याने चालवू दे."

इथवर हसायला हरकत नाही. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

मास्तरांची ताई नव्वद किलोमीटरवरच्या गावात राहायची. आई लवकर गेली तेव्हा तिनेच मास्तरांना वाढवलं, आणि गाडी शिकवली ती भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. स्कूल काढायची कल्पनाही भाऊजींचीच. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ताईचा फोन आला. "बाळ्या, यांचं काही खरं नाही. तुझी सारखी आठवण काढतायत. असशील तसा निघ, गाडीने दीड तासात पोचशील."

मास्तर निघाले. हायवेच्या तोंडाशी असलेल्या नाक्यापर्यंत गेले, आणि तिथे इंजिन चालू ठेवून अर्धा तास बसून राहिले. पाय काही क्लचवरून उठेना. टॅक्सी करावी तर स्टँडवर निम्मे आपलेच शिष्य. "सर, तुमची गाडी?" असं एकाने जरी विचारलं असतं तर काय सांगणार होते? अखेर गाडी वळवून घरी आणून लावली आणि बस पकडली. एक बस बदलून, जागोजागी थांबत, चार तासांनी पोचले. भाऊजी तोवर गेले होते. ताई गळ्यात पडून रडली तेव्हा मास्तर म्हणाले, "गाडी गॅरेजमध्ये होती गं. इंजिन उघडलेलं."

आणि ताईने ते खरं मानलं. खरं मानलं इतकंच नाही, तर येणाऱ्याजाणाऱ्याला सहा वर्षं तेच सांगत राहिली. "नेमकी त्याच दिवशी बाळ्याची गाडी बिघडावी! नाहीतर तो उडत आला असता." तिने असं म्हटलं की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते उठून उगाच पाणी प्यायला जायचे.

आता ताई बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तीन महिने तरी एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मास्तरांच्या बायकोने फोनवरच सांगून टाकलं, "ताई, तुम्ही सरळ आमच्याकडे या." ताई म्हणाली, "येते. पण मला त्या अँब्युलन्समध्ये आडवी घालून नेऊ नका, अजून जिवंत आहे मी. बाळ्याला म्हणावं, गाडी घेऊन ये. मागच्या सीटवर पाय लांब करून बसेन." आणि फोन ठेवायच्या आधी, "मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा भाऊ येतोय न्यायला, स्वतः गाडी चालवत."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

पण माणूस मोठा पद्धतशीर. त्यांनी चौकटीची वही काढली आणि आखणी सुरू केली. नव्वद किलोमीटरचे त्यांनी अठरा तुकडे पाडले, प्रत्येकी पाच किलोमीटरचे. कुठे पेट्रोल पंप, कुठे गाडी कडेला घ्यायला रुंद जागा, कुठे टोलनाका, सगळं बारीक अक्षरात. सलग दोन दिवस हायवेवरच्या पादचारी पुलावर उभं राहून ट्रक मोजले. सकाळी सहा ते आठ ट्रक कमी, अकरानंतर रीघ. म्हणून ठरलं: सहाला निघायचं, पावणेआठला पोचायचं, नऊच्या आत परत निघायचं, साडेदहाला घरात. तिसऱ्या दिवशी पुलावर एका पोलिसाने हटकलं, "काका, काय चाललंय? वर रेलिंगवर टेकू नका." त्याला वाटलं, हा माणूस उडीबिडी मारतोय की काय. मास्तर मान खाली घालून पायऱ्या उतरले.

"नव्वद किलोमीटर जायचंय की चंद्रावर?" मटार सोलता सोलता बायकोने विचारलं.

"नीट आखलेलं बरं असतं," मास्तर म्हणाले.

बायकोने आणखी एक शेंग सोलली. मग मान वर न करताच म्हणाली, "त्या लॉन्ड्रीवालीला न्या ना बरोबर. तिला हायवे शिकायचाच आहे. ती चालवेल, तुम्ही बाजूला बसा."

मास्तरांच्या लक्षात आलं की हिला माहीत आहे. आजचं नाही, पहिल्यापासून माहीत आहे. बावीस वर्षं त्या माऊलीने एका शब्दानेही ते दाखवलं नव्हतं, आणि आपण रोज तिच्यासमोर छाती काढून जेवत होतो. त्यांना वहीत तोंड लपवावंसं वाटलं.

लॉन्ड्रीवाली ही त्यांची वर्षभरापूर्वीची विद्यार्थिनी. पस्तिशीची, बोलायला फटकळ, कामाला वाघ. हॉटेलांच्या चादरी धुऊन द्यायची. एक जुनी व्हॅन घेतली होती, आणि आता ताईच्याच गावातल्या एका हॉस्पिटलने चादरींचं काम देऊ केलं होतं. आठवड्यातून तीन फेऱ्या. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. चार महिने ती मास्तरांच्या मागे लागली होती, "सर, हायवे शिकवा." आणि चार महिने मास्तर तिला म्हणत होते, "आधी रिव्हर्स पक्का करा." मैदानातल्या चार ड्रमांमधून ती बिचारी चार महिने गाडी उलटीच चालवत होती.

फोन गेला तेव्हा तिला आनंदाने काय बोलू नि काय नको असं झालं. "शनिवारी? खरंच, सर? मी पाचलाच येऊन थांबते!"

मास्तरांनी वहीत आणखी दोन ओळी घातल्या. एक: 'ताईच्या गल्लीच्या तोंडाशी सीटबदल.' दुसरी: 'परतताना हायवेच्या तोंडाशी पुन्हा सीटबदल.' म्हणजे गल्लीतल्या लोकांना मास्तरच स्टिअरिंगवर दिसणार. लिहिताना हात जड झाला होता, पण लिहिलं.

शनिवारी सकाळी सगळं वहीप्रमाणे झालं. लॉन्ड्रीवालीने गाडी चालवली, आणि छान चालवली. सुरुवातीचे दहा किलोमीटर स्टिअरिंग घट्ट धरून, मग हळूहळू सैल होत. मास्तर मुठी आवळून बसले होते आणि पाय सीटखाली ओढून घेतले होते. साडेसातला, म्हणजे वेळेच्या पंधरा मिनिटं आधीच, ते गल्लीच्या तोंडाशी होते.

"इथे थांबवा. आता मी घेतो."

"का हो सर? चुकलं का काही?"

"गल्ली अरुंद आहे," मास्तर म्हणाले. गल्लीतून ट्रक गेला असता.

मग मास्तर सेकंड गिअरमध्ये ऐटीत ताईच्या दारात. शेजारीपाजारी बाहेर आलेले. ताई वॉकर धरून उंबऱ्यात उभी, डोळ्यांत पाणी. "बघा, आला की नाही? हाच माझा भाऊ. अख्ख्या गावाचा गुरू!" लॉन्ड्रीवालीही कौतुकाने हसत होती. मास्तरांनी बॅगा उचलायचं निमित्त करून पाठ फिरवली.

वहीत ताईच्या निरोपाला वीस मिनिटं होती. पण ताईच ती. या शेजारणीला किल्ली, त्या शेजारणीला कुंड्या, तिसरीला मांजर. गॅस बंद केला का, पुन्हा बघ. औषधांची पिशवी कुठेय, ही नव्हे, ती. सगळं आटोपून निघायला पावणेअकरा वाजले. हायवेच्या तोंडाशी मास्तर उतरले आणि लॉन्ड्रीवाली स्टिअरिंगवर बसली.

"हे काय? तिला कशाला देतोस?" मागून ताई. "तू चालव की."

"शिकतेय ती, ताई. अशानेच सवय होते."

ताईला पटलं नाही. मागच्या सीटवर तिने आडवी बसून पाय लांब केले होते, पाठीला तीन उशा.

ट्रकांची रीघ लागली होती. चाळीस किलोमीटर कसेबसे गेले. मग पुढे एक लांबलचक ट्रेलर लागला, वर लोखंडी पाईप लादलेले. लॉन्ड्रीवालीने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, बाहेर निघाली. सगळं अगदी शिकवल्यासारखं. पाईप मास्तरांच्या खिडकीशेजारून सरकू लागले, हातभर अंतरावरून. त्याच वेळी त्यांना आरशात दिसलं की मागून एक टँकर येतोय. आणि मास्तरांचा पाय, ज्याला त्यांनी सकाळपासून डांबून ठेवलं होतं, तो सुटला आणि ब्रेकवर पडला. पूर्ण ताकदीने.

गाडीने हिसका खाल्ला. ट्रेलर पुढे निघून गेला. टँकरचा हॉर्न कानात शिरला आणि तो टँकर शिव्या घातल्यासारखा अगदी चाटून गेला. लॉन्ड्रीवालीने कसं कोण जाणे, गाडी सरळ धरली, ट्रेलरने मोकळ्या केलेल्या जागेतून कडेला आणली आणि थांबवली.

"ब्रेक का मारलात?" मास्तर ओरडले.

आता काय सांगू तुम्हाला! त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण चोवीस वर्षांची जीभ, पायापाठोपाठ तीही सुटली. आणि एकदा बोलल्यावर ते थांबले नाहीत. ओव्हरटेक करताना पाय कुठे असावा, मागच्या गाडीचा अंदाज कसा घ्यावा, पाच मिनिटं तिला ऐकवत राहिले. शब्द तोंडातून निघत होते आणि त्यांचे त्यांनाच ऐकवत नव्हते.

"चुकलं सर," ती म्हणाली. "मला तर कळलंच नाही, पाय कसा गेला."

"मेलो असतो आपण!" ताईची उशी खाली पडली होती, चेहरा पांढराफटक. "पोरी, रागावू नकोस, पण हे तुझं काम नव्हे. माझा भाऊ शेजारी होता म्हणून वाचलो."

"खरं आहे, ताई." लॉन्ड्रीवालीने डोळे पुसले. "मी हॉस्पिटलला सोमवारी नाही म्हणून सांगते. उद्या कुणाचा जीव घ्यायची मी."

"शहाणी आहेस. बाळ्या, बस तू तिथे. ने मला घरी."

दोघांनी जागा बदलल्या. मास्तर स्टिअरिंगमागे बसले, किल्ली फिरवली, पाय ब्रेकवर ठेवला. शेजारून एकामागून एक ट्रक जात होते आणि प्रत्येकासरशी गाडी हलत होती. मास्तरांचा पाय लटलट कापायला लागला. ते पायाला बजावत होते, उठ, उठ. पाय उठेना.

लॉन्ड्रीवाली आता मास्तरांच्या जागेवर होती. तिचं लक्ष खाली गेलं. तिच्या पायाशी असलेला दुसरा ब्रेक आपोआप कापत होता, वर-खाली, वर-खाली. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून मास्तरांकडे बघितलं. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे मास्तरांना कळलं.

"अरे, निघ ना," मागून ताई. "का हिच्यासारखा तूही घाबरलास? काय गं पोरी, माझ्या भावालाही घाबरवून सोडलंस तू. कुठून तुला गाडीची हौस आली!"

लॉन्ड्रीवाली काही बोलली नाही. फटकळ बाई, एरवी कुणाचं म्हणून ऐकून घेणारी नव्हे. पण मास्तरांच्या बहिणीसमोर मास्तरांची अब्रू राहावी म्हणून खाली मान घालून बोलणी खात होती. ते मात्र मास्तरांना सोसवेना. त्यांनी इंजिन बंद केलं.

"ताई, तिला बोलू नकोस. ब्रेक मी मारला."

"तू कशाला मारशील?"

"घाबरलो म्हणून. मला हायवेवर गाडी चालवता येत नाही. सकाळी तुझ्या गावापर्यंत तिनेच आणली. मी फक्त तुझ्या गल्लीत चालवली, लोकांना दिसावं म्हणून."

आधी लॉन्ड्रीवालीचाच स्फोट झाला. "म्हणजे चार महिने तुम्ही मला उगाच उलटं फिरवलंत? चार महिने, सर! मी घरी जाऊन रडायचे, मलाच जमत नाही म्हणून. आणि आत्ता वर मला पाच मिनिटं झाडलंत! काही वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं," मास्तर म्हणाले. "खूप लाज वाटली. तरी बोलत राहिलो. तुमची काही चूक नव्हती. तुम्ही चांगली चालवता, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. सोमवारी हो म्हणून सांगा."

ती दार उघडून बाहेर जाऊन उभी राहिली, पाठ करून. गाडीत भाऊ-बहीण दोघंच उरली. मास्तरांना मागे वळून बघायचा धीर होईना. आरशात ताई दिसत होती. ती कसला तरी विचार करत होती, आणि तो कुठे जाऊन पोचणार हे मास्तरांना ठाऊक होतं.

"हे कधीपासून?" ताईने विचारलं.

"पहिल्यापासून. बावीस वर्षं झाली."

"म्हणजे त्या दिवशी..."

"गाडी चांगली होती, ताई. दारात होती. नाक्यापर्यंत आलो होतो मी."

ताई खिडकीबाहेर बघू लागली. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. "त्यांची खाट खिडकीशी होती. रस्त्यावर गाडी वाजली की म्हणायचे, बघ गं, बाळ्या आला. मी उठून बघून यायचे. पाच-सहा वेळा उठले असेन."

मास्तरांना हुंदका आवरेना. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडला. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही.

थोड्या वेळाने तिनेच खिडकीची काच खाली केली. "पोरी, ये गं आत. माझं चुकलं, मी तुला नाही नाही ते बोलले. आम्हाला घरी ने."

लॉन्ड्रीवाली आली. मास्तर मुकाट्याने उठून बाजूच्या सीटवर गेले. तिने आरसा नीट केला, पट्टा लावला, पण गाडी सुरू केली नाही.

"सर, बूट काढा आणि पाय वर घ्या."

"काय?"

"पाय वर घ्या. मांडी घालून बसा. ते पाय खाली असतील तर मी गाडी हलवणार नाही."

मास्तरांनी बूट काढले. सीट मागे सरकवली आणि मांडी घालून बसले, दोन्ही हात मांडीवर, शाळेत पहिल्या दिवशी बसावं तसे. पुढच्या पन्नास किलोमीटरमध्ये लॉन्ड्रीवालीने अकरा ट्रक ओलांडले. गावात शिरताना सिग्नलला दातांचे डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी सवयीने हॉर्न वाजवला, मग मांडी घालून बसलेले मास्तर त्यांना दिसले आणि ते आ वासून बघत राहिले. मास्तरांनी पाय खाली घेतले नाहीत.

दारात बायको वाट बघत उभीच होती. तिने तिघांची तोंडं बघितली आणि वॉकर काढायला डिकीकडे गेली. मास्तर अनवाणीच उतरले, मागचं दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. ताईने आधी चांगला पाय खाली ठेवला. मग वर बघितलं.

"मी तुझ्याशी बोलणार नाहीये," ती म्हणाली. "किती दिवस ते मला माहीत नाही. आता हात दे, मला एकटीला उठता येत नाही."

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले, आणि ताईने सगळा भार त्यांच्यावर टाकला.